पुन्हाबाईंच्या घरचा गुडघा

माझ्या नणंदेला दवाखान्यात पुन्हाबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर सगळे मॅडमच म्हणतात. त्या तिथल्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टर. कुठल्याही वॉर्डातून काहीही तपासायला पाठवा, त्यात जरा काही खटकलं की बाई फोन उचलतात आणि एकच शब्द बोलतात, "पुन्हा." नमुना कमी पडला, पुन्हा. नळीत गोठला, पुन्हा. चुकीच्या रंगाच्या टोपणाच्या नळीत भरला, पुन्हा. ज्या नर्सने कळवळणाऱ्या माणसाला कसंबसं चुचकारून सुई टोचलेली असते, तिला हा शब्द ऐकून काय वाटत असेल ते मला विचारा. मी या बाईबरोबर एका घरात राहते. मी भांडी घासून पालथी घातली की त्या एखादा पेला उचलून उजेडात धरतात आणि अवाक्षर न काढता परत बेसिनमध्ये ठेवतात.

मी त्यांना वन्सं म्हणते. एक तर त्या माझ्या नवऱ्याहून मोठ्या आहेत, आणि दुसरं म्हणजे या शब्दात मान जेवढा भरता येतो तेवढाच खवचटपणाही भरता येतो. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी नवी नवरी असताना भाबडेपणाने विचारलं होतं. "वेळ नव्हता," म्हणाल्या आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. आमचं घर अरुंद आणि तीन मजली. खाली आम्ही नवराबायको, मध्ये सासूबाई, वर वन्सं. स्वयंपाकघर मात्र एकच, मधल्या मजल्यावर, जेवणाचं टेबल एकच, आणि खरा छळ त्या टेबलावर व्हायचा.

वन्संचा जीव सांध्यातल्या पाण्यात अडकलेला. कृत्रिम गुडघा किंवा कृत्रिम खुबा बसवलेल्या माणसाचा सांधा पुन्हा दुखायला लागला की हाडांचे डॉक्टर सुईने त्यातलं पाणी काढतात आणि ते वन्संच्या प्रयोगशाळेत येतं. आत जंतू शिरलेत की नाही, हे त्या पाण्यावरून ठरवायचं. शिरले असतील तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बसवलेला सांधा बहुतेक वेळा उखडूनच काढावा लागतो. शिरले नसताना उखडला तर धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवल्याचं पाप. काम जोखमीचं आहे, मान्य. पण ते माझ्या ताटासमोर कशाला? मी अंडं फोडायला घेतलं की वन्सं म्हणणार, "चांगल्या सांध्यातलं पाणी अगदी असंच असतं, तार धरतं. आज आलेलं नुसतंच ओघळत होतं. आणि गढूळ." मी दह्याचं भांडं आणून ठेवलं की त्या त्याच्याकडे टक लावून बघायच्या. मग मी ते उचलून परत आत ठेवायची.

मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. गढूळ पाण्यावरून लोक दिवसभर माझा उद्धार करतात. घरी यावं तर पुन्हा गढूळ पाणीच, फक्त नळातलं नाही, गुडघ्यातलं.

हे सगळं मन लावून ऐकणारं माणूस एकच होतं, सासूबाई. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर शिट्टी गळ्यातून उतरली, आवाजातून उतरली नाही. आयुष्यभर उड्या मारून आणि मारायला लावून दोन्ही गुडघ्यांची वाट लागली होती, तरी रोज सकाळी बागेला फेऱ्या मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. मुलीच्या कामाचा त्यांना भलता अभिमान. जेवायला बसलं की पहिल्या घासाला विचारायच्या, "काय गं ताई, आज कोणाला परत पाठवलंस?" की वन्संच्या तोंडाचा नळ सुटायचा तो हात धुवेपर्यंत.

त्यातही वन्संचा आवडता राग होता गोळ्यांवर. "आधीच अँटिबायोटिक घेऊन येतात," त्या घास हातात धरून सांगायच्या. "जंतू मरत नाहीत, अर्धमेले होऊन दडी मारतात. आम्ही ते पाणी जंतू वाढवायच्या बशीत पेरतो, वाट बघत बसतो, काही उगवत नाही. कागदावर लिहावं लागतं, काही उगवलं नाही. डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि आत हाड पोखरलं जातंय. दोन आठवडे गोळ्या बंद केल्याशिवाय पाणी काढूच नये. पण ऐकतंय कोण?" सासूबाई मान डोलवायच्या. हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तर सासूबाईंचा उजवा गुडघा बदलून वर्ष होत आलं होतं. आधी सगळं छान चाललं. बागेच्या फेऱ्या सुरू झाल्या, शेजारणींना गुडघा वाकवून दाखवून झाला. मग एक दिवस त्या फेरी अर्धवट टाकून परत आल्या. दुसऱ्या दिवशी गेल्याच नाहीत. गुडघा सुजला, हात लावला तर कोमट लागायचा, आणि जिना उतरताना त्यांचा ओठ दाताखाली जायचा. "लचकलाय," त्या म्हणाल्या. वन्संनी गुडघ्यावर पालथा हात ठेवला, मग डाव्यावर ठेवला, मग परत उजव्यावर. "पाणी काढायचं," त्या म्हणाल्या.

काढलं. ज्यांनी गुडघा बसवला होता त्याच डॉक्टरांनी काढलं. त्याआधी त्यांनी रीतसर विचारलं, "कुठल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू आहेत का?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. घरातलं औषधपाणी मी बघते, म्हणून मी म्हटलं, "नाही." मी खरं तेच सांगत होते, माझ्या माहितीप्रमाणे.

घरच्या माणसाचा नमुना वन्संनी हाताखालच्या डॉक्टरला द्यायला हवा होता. पण दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्या विश्वास ठेवतील तर त्या पुन्हाबाई कसल्या? पेशी त्यांनी स्वतः मोजल्या, बशीत स्वतः पेरल्या, आणि दोन आठवडे घरात अशा वावरल्या की नवऱ्याने रेडिओसुद्धा हळू लावला. तोवर गुडघ्याची सूज मात्र आपोआप उतरत गेली. सासूबाई जिना उतरताना माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या, म्हणजे बघ, होते की नाही मी बरी.

निकालाच्या दिवशी आम्ही चौघं त्या डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो. टेबलावर प्लॅस्टिकचा गुडघा होता आणि डॉक्टर बोलता बोलता तो उघडमीट करत होते.

"काही उगवलेलं नाही," ते म्हणाले. "आईंना आरामही वाटतोय. अभिनंदन."

माझ्या नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की समोरचे कागद हलले. सासूबाई खुर्चीतून उठायलाही लागल्या.

"पेशी चार हजारांच्या वर आहेत," वन्सं म्हणाल्या. "आणि त्यातल्या शंभरात पंच्याऐंशी पू करणाऱ्या."

"मॅडम, चार हजार म्हणजे फार नाही."

"आपल्या जन्मजात गुडघ्यात फार नाही. तिथे पन्नास हजार दिसले तरी आपण विचार करतो. हा धातूचा आहे. धातूवर जंतू साय धरून बसतात, थोडे असले तरी पुरतात. इथे तीन हजारांवर शंका घ्यायची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"शंका घ्या ना. शंका घ्यायला माझी ना नाही." डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा खाली ठेवला. "पण शंकेवर मी माणसाचा गुडघा उखडत नाही. या वयात दोन मोठ्या शस्त्रक्रिया, मध्ये कित्येक महिने नीट पाय टेकता येणार नाही. सगळं काठावर आहे आणि उगवलेलं काही नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर केलं असतंत?"

हे त्यांचं बोलणं मला तरी रास्त वाटलं. वन्संनाही वाटलं असावं. त्यांनी फक्त त्यांचा शब्द उच्चारला.

"पुन्हा."

"कशाला पुन्हा?" सासूबाई कडाडल्या. त्या आवाजाला दाराबाहेरच्या रांगेतली माणसंसुद्धा ताठ बसली असतील. "काही उगवलं नाही म्हणतायत ना ते? तुझ्याच हाताने पेरलंस ना? मग आता स्वतःवरही विश्वास नाही?"

आम्ही घरी आलो. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं तो बघता बघता बाहेर काढतो, पण आई आणि बहीण यांच्या मध्ये अडकला की त्याला स्वतःला कुठलंच बटण सापडत नाही. तो गाडी लावायच्या निमित्ताने जो खाली राहिला तो लवकर वर आलाच नाही.

मी स्वयंपाकघरात भाजी चिरायला घेतली. सासूबाई टेबलाशी बसून पाणी पीत होत्या. वन्सं दारात उभ्या राहिल्या, पर्स अजून खांद्यालाच.

"वहिनी, आईला कुठलं अँटिबायोटिक दिलंस?"

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"पू करणाऱ्या पेशी एवढ्या, आणि उगवलं काही नाही. सूज काही न करता उतरली. असं होत नाही. कुणीतरी गोळ्या दिल्यात. औषधं तू देतेस, डॉक्टरांना नाही म्हणून तूच सांगितलंस. दुखत होतं म्हणून दिल्या असशील, कपाटात कुठल्या जुन्या पडल्या असतील. मला नाव सांग फक्त."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो, घरी मिळत नाही. मी सुरी खाली ठेवली, औषधांचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर उपडा केला. "घ्या. शोधा. एकेक पाकीट उजेडात धरून बघा, तुम्हाला सवय आहे. आणि एक सांगते, वन्सं. तुमच्या आईची पथ्यं मी सांभाळते, तुम्ही नाही. त्या ओरडतात माझ्यावर, आणि अभिमान वाटतो तुमचा. तुमची ती बशी रिकामी निघाली म्हणून आता माझ्या नावाने बोटं मोडताय?"

"आवाज चढवून पेशी कमी होत नाहीत."

"आणि माझ्यावर आळ घेऊन वाढत नाहीत."

त्यांनी खरंच एकेक पाकीट उचलून बघितलं. रक्तदाबाच्या, पोटाच्या, कॅल्शियमच्या. पोटाच्या गोळ्यांच्या पाकिटापाशी त्यांचा हात थांबला. त्यातल्या बऱ्याच संपल्या होत्या. "या कुणाला लागल्या?"

"आईंना. महिनाभर पोट बिघडलंय त्यांचं, सारखं जावं लागतंय. हेही मीच केलं म्हणा."

वन्सं वळल्या. सासूबाई पेल्यात बघत होत्या. इतका वेळ, मी एवढी ओरडत असताना, त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ज्या बाईला डाळीत मीठ जास्त झालं तरी भाषण करावंसं वाटतं, त्या बाईने.

"आई, जीभ दाखव."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"जीभ दाखव म्हणते ना."

त्यांनी मान हलवली. पंचाहत्तरी ओलांडलेली, शेकडो मुलींना रांगेत उभं करणारी बाई औषध नको असलेल्या पोरासारखी तोंड मिटून बसली होती. वन्संनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली. मला वाटलं आता या आईचा जबडा उघडतात की काय. तेवढ्यात सासूबाईंनी स्वतःच हनुवटी सोडवून घेतली आणि जीभ बाहेर काढली. जिभेवर पांढरा थर होता, दुधाचा कप नुकताच प्यायल्यासारखा.

"गोळ्यांमुळे येतं हे," वन्सं म्हणाल्या. "कुठायत?"

सासूबाईंनी हातातली पिशवी पुढे ओढली, चष्म्याची डबी काढली आणि टेबलावर सरकवली. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. डबीत गोळ्यांची दोन पाकिटं होती, एक संपलेलं आणि एक अर्धं.

"कोणी दिल्या?"

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. ताईने सांगितल्यात म्हटलं. तुझं नाव घेतल्यावर त्याने चिठ्ठीसुद्धा मागितली नाही."

"पण का?" वन्संचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आई, मी रोज सांगते. रोज सांगते ना, की गोळ्या घेतल्या की काही उगवत नाही."

"म्हणूनच घेतल्या," सासूबाई म्हणाल्या. "तूच सांगत होतीस, जेवताना. मला उगवायला नको होतं."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"समोरच्या घरातल्या बाईचं बघितलं मी," सासूबाई बोलत राहिल्या. त्या आता कुणाकडेच बघत नव्हत्या. "गुडघा काढून सिमेंटचा ठोकळा घातला होता. खिडकीशी खुर्ची टाकून बसवायचे तिला, मी फेरीवरून आले की हात हलवायची. मी तशी बसणार नाही. मला माहीत होतं, पाणी तुझ्याच हातात जाणार. तू खोटं लिहिणार नाहीस, तेही माहीत होतं. मग म्हटलं, खरंच लिहू दे. काही उगवलं नाही म्हणून."

वन्संनी डबी मिटली. खूप हळू मिटली. "वरवरचे मेलेत," त्या म्हणाल्या. "म्हणून बरं वाटतंय. खालचे धातूला धरून बसलेत. आणखी वर्षभर असं चाललं तर हाडच उरणार नाही नवा गुडघा बसवायला. मग खिडकीशी खुर्चीही मिळणार नाही. आजपासून गोळ्या बंद. दोन आठवड्यांनी पाणी काढायचं. पुन्हा."

"नाही काढणार."

"आई."

"नाही म्हणजे नाही. माझा पाय आहे, तुझ्या प्रयोगशाळेतली नळी नाही."

वन्सं उभ्याच राहिल्या. हट्ट कसा मोडायचा हे त्यांना कधी माहीत नव्हतं. त्यांचा स्वतःचाच कधी कुणी मोडला नव्हता. त्या जिना चढून वर गेल्या, न जेवता. वरचं दार लागल्याचा आवाज आला, आपटल्याचा नाही, नुसता लागल्याचा.

मी आणि सासूबाई उरलो. मी गोळ्यांची पाकिटं डब्यात परत आपटत होते, रागाने. वन्संचा राग मला सवयीचा आहे, तो मी कपड्यांबरोबर वाळत घालते. हा राग वेगळा होता.

"वन्सं माझ्यावर आळ घेत होत्या," मी म्हटलं. "तुमच्यासमोर. डबा उपडा केला मी, तरी तुम्ही पाणी पीत बसलात."

त्यांनी पेला बाजूला सरकवला.

"शाळेत खिडकीची काच एकीने फोडायची आणि दुसरीला बोलणी बसायची, असं झालं की काय करायचात तुम्ही?"

सासूबाईंनी वर बघितलं. हे त्यांच्या विषयातलं होतं. "जिने फोडली तिला उभी करायची."

"आणि शिक्षा?"

"मैदानाला फेऱ्या."

"मग मारा फेरी," मी म्हटलं. "दोन आठवड्यांनी. दवाखान्यात. तुमच्या लेकीसाठी नाही, माझ्यासाठी. माझ्यावरचा आळ असाच राहिला तर मी या घरात तुम्हाला चहा करून देणार नाही, हे लिहून घ्या."

त्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते, आणि मला तेव्हा त्याचं जराही वाईट वाटलं नाही. "तुझ्या हातात शिट्टी द्यायला हवी होती," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाईन."

ते दोन आठवडे घरात कुणी कुणाचं नव्हतं. गोळ्या थांबल्या तसा गुडघा पुन्हा फुगत गेला. आधी कोमट होता, आता गरम लागायला लागला. सासूबाई भिंत धरून न्हाणीघरात जायच्या आणि वन्सं समोर दिसल्या की भिंत सोडून द्यायच्या. "आता बरं वाटतंय ना तुला?" एकदा त्यांनी लेकीला विचारलं. वन्सं म्हणाल्या, "हो, वाटतंय. खरं काय ते दिसायला लागलंय." असलं उत्तर आजारी आईला द्यायला काळीज दगडाचं लागतं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "ताई वर जाऊन रडते." मला काही त्याने पाझर फुटला नाही. रडायचं तर आईसमोर रडावं, जिन्याला ऐकवून काय उपयोग?

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी सुई घातली तेव्हा मी आत होते. पिचकारीत जे वर चढलं ते मी कधीच विसरणार नाही. माझ्या दह्याच्या भांड्याकडे वन्सं इतकी वर्षं का बघत होत्या, ते मला तिथे कळलं. डॉक्टरांनीही पिचकारी उजेडात धरली आणि त्यांच्या तोंडावरचं ते समजूत घालणारं हसू, तो मोठेपणा, सगळं पसार झालं. वन्सं दाराबाहेर नळ्या आणि बाटल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नमुना घेतला, आत बघितलंसुद्धा नाही, आणि चालायला लागल्या.

काही दिवसांनी माझ्या खिडकीवरचा फोन वाजला. समोर एक गृहस्थ नळाच्या पाण्याची बाटली नाचवत होता. मी सवयीने म्हटलं, "तक्रार सांगा."

"उगवलं," वन्सं म्हणाल्या.

माझ्यावरचा आळ तर केव्हाच गेला होता, आता तो कागदावरूनही गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "तुम्ही जेवलात का?" हे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

गुडघा काढला. समोरच्या बाईसारखाच ठोकळा आत गेला, औषध भरलेला, आणि सासूबाईंची खुर्ची खिडकीशी आली. त्यांनी पडदा लावून घेतला. लेकीशी त्या बोलायच्या नाहीत. वन्सं सकाळी त्यांचा ताप बघायच्या, जखम बघायच्या, निघून जायच्या. सासूबाई तेवढा वेळ छताकडे बघत राहायच्या.

आणि वन्सं जेवताना बोलायच्या बंद झाल्या.

मी किती वर्षं हेच मागत होते. घरात पुवाचं नाव नाही, गढूळपणाचं नाव नाही, दही निवांत टेबलावर. वन्सं खाली मान घालून जेवायच्या, ताट धुवायच्या, वर जायच्या. नवरा हवापाण्यावर बोलायचा प्रयत्न करायचा. मला ती शांतता नकोशी झाली. एकदा मीच म्हटलं, "काय वन्सं, आज काही गढूळ आलं नाही वाटतं?" त्या म्हणाल्या, "घरात नाही बोलत मी कामाचं. लोक ऐकतात." त्या लोकांत मीही आले, हे मला लागलं, आणि मी त्यांनी धुतलेला पेला त्यांच्या हातून काढून घेऊन पुन्हा घासला.

महिने गेले. पुन्हा पाणी काढून, दोन आठवडे वाट बघून, या वेळी खरोखरच काही उगवलं नाही तेव्हा नवा गुडघा बसला. सासूबाई आधी वॉकर धरून उभ्या राहिल्या, मग साध्या काठीवर आल्या. जेवण त्यांना खोलीत नेऊन देत होते मी. एका संध्याकाळी मी ताट वाढून न्यायला वळले तर त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. काठी खोलीतच ठेवून आल्या होत्या. कुणाचा हात न घेता टेबलापर्यंत आल्या आणि स्वतःच्या खुर्चीवर बसल्या. नवरा उठायला लागला तर त्याला डोळ्यांनी खाली बसवलं.

वन्सं जेवत होत्या. त्यांचा घास थांबला, पण मान वर झाली नाही.

सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. "काय गं ताई," त्या म्हणाल्या, "आज कोणाला परत पाठवलंस?"

वन्संनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तोच होता, फोनवरचा, नर्सला रडवणारा. "सांगते," त्या म्हणाल्या. "आधी तू सांग. आज कुठल्या गोळ्या घेतल्यास?"

हे त्या प्रत्येक पेशंटला विचारायला लावतात. आईला कधी विचारावं लागलं नव्हतं. आता मरेपर्यंत विचारतील, हे मला त्या क्षणी कळलं, आणि सासूबाईंनाही कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या चिडतील, उठून जातील, म्हणून मी पुढे झाले.

त्या उठल्या नाहीत. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि एकेक बोट दुमडत सांगायला लागल्या. सकाळची रक्तदाबाची. कॅल्शियमची, न्याहारीनंतर. दुखण्याची अर्धी, दुपारी, कारण जिना उतरले होते. एवढ्याच.

"जीभ," वन्सं म्हणाल्या.

सासूबाईंनी सगळ्यांसमोर जीभ काढून दाखवली. वन्संनी वाकून नीट बघितली, दिवा लावून बघितली, आणि मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "एक खुबा आला होता," त्यांनी सुरुवात केली. "नळीत अर्धा गोठलेला. आणि रंग विचारू नकोस."

सासूबाई पुढे झुकल्या. मी दह्याचं भांडं उचलून आत ठेवलं.